मुंबईचे पाणी आणि आसनगावची वाट



मुंबई पाहिली नाही असा सभासद आपल्या कार्यक्षेत्रात शोधूनच काढावा लागेल. कुणी मंत्रालयात कामासाठी गेलेला असतो, कुणी दवाखान्यासाठी. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, तर कुणी पोराबाळांना घेऊन राणीची बाग आणि म्हातारीचा बूट दाखवून आलेला असतो. गेटवे, चौपाटी, बोरीबंदर हे सगळे बघून होते. परंतु ज्या गोष्टीवर ही सगळी मुंबई उभी आहे ती मुंबईत नाहीच. ती कसारा घाट उतरल्यावर, आसनगावच्या आजूबाजूला, शहापूर तालुक्याच्या डोंगरात आहे. ती गोष्ट म्हणजे मुंबईचे पाणी.

आम्ही पडलो शेतकी खात्यातली माणसे. शहर पाहायला गेलो तरी आमची नजर पाट, नळ आणि तळे यांच्याकडेच जाते. तेव्हा या अंकात लागवडीच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवून मुंबईची आणि तिला पाणी पाजणाऱ्या मुलखाची हकिकत सांगावी असे आम्ही ठरविले. ही हकिकत आपल्या बांधापर्यंत येऊन पोचते, ते शेवटी दिसेलच.

रूळ संपत होते ते आसनगाव

आपण घाटावरून रेल्वेने निघालो की इगतपुरी, कसारा, खर्डी, आटगाव आणि मग आसनगाव लागते. शहापूर या तालुक्याच्या गावाचे स्टेशन हेच. मुंबईपासून हे अंतर सुमारे ८६ किलोमीटर आहे. आज इथून लोकल सुटतात आणि चाकरमानी रोज जाऊन-येऊन करतात.

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला आले आणि १८५५ साली वाशिंदला. पुढचा टप्पा गाठायला मात्र चार वर्षांवर काळ लागला. ६ फेब्रुवारी १८६० रोजी वाशिंद ते आसनगाव हा रस्ता सुरू झाला आणि १ जानेवारी १८६१ रोजी गाडी कसाऱ्याला पोचली. म्हणजे जवळजवळ अकरा महिने या बाजूचे रूळ आसनगावलाच संपत होते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट चढायला आणखी चार वर्षे गेली. १ जानेवारी १८६५ रोजी तो खुला झाला. ३७ फुटांत १ फूट अशी त्याची चढण. आजही गाडीला मागून जादा इंजिने लावून रेटावे लागते. गाडी कसाऱ्याला का थांबते असे विचारणाऱ्या नातवंडांना हे अवश्य सांगावे.

माहुलीचा डोंगर

आसनगावला उतरले की समोर दिसतो तो माहुलीचा किल्ला. माहुली, भंडारगड आणि पळसगड अशी त्याची तीन शिखरे. ठाणे जिल्ह्यातला हा सर्वांत उंच किल्ला समजला जातो, उंची २,८१५ फूट. १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा वारस सांभाळीत शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांशी शेवटची झुंज दिली ती इथेच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना हा गड मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. गडावर राहायचे म्हणजे आधी टाकी खोदायची, हे आपल्या वाडवडिलांना पक्के माहीत होते. पाणी नसलेला गड लढत नाही. ही अक्कल मुंबई वसवणाऱ्यांना यायला मात्र बराच काळ लागला.

सात बेटे आणि तळ्यांची नावे

मुंबई ही मूळची सात बेटे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली राजाने वर्षाला १० पौंड खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आज तिथल्या खोलीचे भाडे ऐकले की हा खंड आठवतो आणि हसू येते. पुढे बेटांमधल्या खाड्या बुजवून एक शहर झाले. बंदर झाले, बाजार वाढला, माणसे आली. पण चारी बाजूंना समुद्र आणि प्यायला विहिरी आणि तळी, एवढाच आधार.

त्या काळच्या खुणा अजूनही नावांत आहेत. धोबी तलावला आज धोबी नाही आणि तलावही नाही. तळे बुजले आणि नाव राहिले. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचे तळे. दोन टाकी, खारा तलाव ही नावेही तशीच. गोवालिया टँक म्हणजे जिथे गवळी गुरे पाण्यावर नेत ते तळे. त्याच मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची घोषणा झाली आणि त्याचे ऑगस्ट क्रांती मैदान झाले. वाळकेश्वरचे बाणगंगा तळे तेवढे पाण्यानिशी टिकून आहे.

१८५४ साली पाऊस लांबला तेव्हा मुंबईची तारांबळ उडाली. गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली, बाहेरून पाणी आणावे लागले. त्यानंतर मात्र सरकारने मनावर घेतले. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे मिठी नदी अडवून १८६० साली विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईत नळाचे पाणी आले.

गंमत अशी, की फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ साली उभे राहिले. जुन्या कोटाचा चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता त्या जागी. दहा वर्षांपूर्वी जिथे हंड्यासाठी वणवण होती तिथे आता शोभेसाठी पाणी उडू लागले! पुढे याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आज तो हुतात्मा चौक. मुंबईला गेलात तर तिथे क्षणभर थांबून हात जोडावेत.

विहारपासून तानशापर्यंत

विहार पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी तलाव झाला. १८९१ मध्ये पवईचा तलाव झाला, पण त्याचे पाणी पिण्याला चालेना. ते कारखान्यांच्या आणि बाकीच्या कामाला राहिले. शहराची वस्ती १८७२ च्या शिरगणतीत साडेसहा लाखांच्या आसपास होती आणि ती वाढतच होती. बेटावर आता जागा उरली नव्हती. तेव्हा नजर गेली ती शंभर किलोमीटर दूर, शहापूरच्या जंगलातल्या तानसा नदीकडे.

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. दगड आणि चुन्याचे हे धरण, लांबी पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास. विशेष म्हणजे तिथून मुंबईपर्यंत पाणी आपल्या उतारानेच जाते, उपसा करावा लागत नाही. ज्यांनी रानात पाट काढलेत त्यांना यातली करामत सांगायला नको. शंभर किलोमीटरपर्यंत उतार सांभाळायचा आणि कुठे पाणी तुंबू द्यायचे नाही, हे सोपे काम नव्हे. भिवंडी, ठाणे, मुलुंडच्या बाजूला रस्त्याकडेने माणसाच्या उंचीहून मोठे काळे नळ दिसतात, ते याच बाजूच्या पाण्याचे.

त्याच सुमारास मुंबईच्या मोठमोठ्या इमारती उठल्या. बोरीबंदरचे स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८७ सालचे. त्याच्या समोरची महापालिकेची इमारत १८९३ ची. दोन्हींचा आराखडा स्टीव्हन्स या एकाच माणसाचा. गेटवे पुढे १९२४ साली पुरा झाला. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, पाहिली असेल. तिच्या पुढ्यातच म्हातारीचा बूट आहे. त्या हिरवळीवर बसून आपण भेळ खातो, पण पायाखाली काय आहे ते ठाऊक नसते. ती बाग पाण्याच्या मोठ्या टाकीवर केलेली आहे. वर फुलझाडे आणि खाली दक्षिण मुंबईला पुरवायचे पाणी.

मोडकसागर, वैतरणा आणि भातसा

स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मुंबई महापालिकेने स्वतःचे धरण बांधले. आपल्याच इंजिनियरांनी केलेले हे काम १९५७ साली पुरे झाले. महापालिकेचे इंजिनियर नानासाहेब मोडक यांचे नाव त्याला दिले, मोडकसागर. एवढ्या मोठ्या जलाशयाला एका मराठी इंजिनियरचे नाव आहे, ही मुलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

१९७३ साली नाशिक जिल्ह्यात ऊर्ध्व वैतरणा झाले. नंतर शहापूर तालुक्यात भातसा धरण आले. त्याचे पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला जाते. २०१४ साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले. त्याची उंची १०२ मीटर.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैतरणा उगम पावते ती त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात. आपली गोदावरीही तिथलीच. एकाच माहेरच्या या दोन लेकी. एक पूर्वेला निघाली आणि आपल्या उसाला आली, दुसरी पश्चिमेला उतरली आणि मुंबईच्या नळाला गेली.

एकराच्या भाषेत हिशेब

महापालिका रोज ज्या सात तलावांचा साठा जाहीर करते, त्यांची पूर्ण क्षमता दशलक्ष लिटरमध्ये अशी आहे:

भातसा — ७,१७,०३७
ऊर्ध्व वैतरणा — २,२७,०४७
मध्य वैतरणा — १,९३,५३०
तानसा — १,४५,०८०
मोडकसागर — १,२८,९२५
विहार — २७,६९८
तुळशी — ८,०४६
एकूण — १४,४७,३६३

आपल्या परिचयाच्या मापात हे सुमारे ५१ टी.एम.सी. झाले. कोयना १०५ टी.एम.सी.ची, म्हणजे तिच्या निम्म्याला थोडे कमी. यात भातसा, मध्य वैतरणा, तानसा आणि मोडकसागर या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातल्या चार धरणांचा वाटा शेकडा ८२ भरतो. मुंबई शहरातले विहार आणि तुळशी मिळून शेकडा अडीचसुद्धा नाही.

आता उसाकडे वळू. वर्षाच्या उसाला पाटाने पाणी दिले तर हेक्टरी साधारण २५० हेक्टर-सेंटीमीटर पाणी लागते असे आपण धरतो. एक हेक्टर-सेंटीमीटर म्हणजे एक लाख लिटर. तेव्हा हेक्टरला अडीच कोटी आणि एकराला एक कोटी लिटर झाले. मुंबईला रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे मुंबईचे एका दिवसाचे पाणी हे चारशे एकर उसाचे वर्षाचे पाणी. आणि सातही तलाव काठोकाठ भरले तर ते सुमारे १ लाख ४५ हजार एकर उसाला पुरेल.

हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, "बघा, शहर किती पाणी पितंय!" पण तोच आकडा उलटा धरून बघा. पाच हजार टनी कारखाना १६० दिवस चालला तर आठ लाख टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर तो वीस हजार एकर झाला. म्हणजे असल्या सात कारखान्यांचा ऊस जेवढे पाणी घेतो, तेवढ्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी २४ लाख वस्तीचे शहर आपले सगळे तलाव भरून वर्ष काढते. राज्यात एकेका हंगामात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. उसाच्या पाण्यात पावसाचा वाटा असतो आणि आपण त्या पाण्यातून पीक उभे करतो, माणसांना काम देतो, हे खरेच आहे. तरीपण हा हिशेब दुसरे कुणी आपल्यापुढे मांडण्याआधी आपणच मांडलेला बरा.

धरण उशाशी, हंडा डोक्यावर

आसनगाव-शहापूरची खरी कहाणी यापुढेच आहे. ज्या तालुक्यातून मुंबईला इतके पाणी जाते, त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस तिथे मोप पडतो, पण कातळ आणि उतार. पाणी खाली निघून जाते. जे अडले ते शहराच्या नावावर अडले. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या लोकांच्या जमिनी आणि जंगल पाण्याखाली गेले. जलाशय डोळ्यांसमोर दिसतो आणि बाई मात्र हंडा घेऊन डोंगर चढते. शेवटी या तालुक्यातल्या गावांसाठी घाटावरून, इगतपुरीच्या भावली धरणातून, पाणी आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. स्वतःची नदी शहराला आणि स्वतःला पाणी घाटावरून, असा हा उलटा प्रकार. शेजारी मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. तेही मुख्यतः औद्योगिक वसाहती आणि शहरे यांच्यासाठी.

यात मुंबईच्या माणसाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आपलीच पोरे तिथे चाळीत राहतात आणि त्याच नळाचे पाणी पितात. माणसाच्या तोंडचे पाणी पहिले, यावर कुणाचे दुमत नाही. पण ज्याच्या दारात पाणी आहे त्याचाही घोट आधी राखून ठेवायला हवा होता. तो करारात, कागदावर राखला नाही तर नंतर कुणी देत नाही, एवढे या मुलखाकडे पाहून शिकावे.

कॅलिफोर्नियाचा पाटकरी

हे आपल्याकडेच घडते असे समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस हे शहर आहे, सिनेमावाल्यांच्या हॉलीवूडमुळे जगभर ठाऊक झालेले. ते कोरड्या मुलखात वसलेले. तिथे विल्यम मुल्हॉलंड नावाचा आयर्लंडहून आलेला माणूस १८७८ साली पाट साफ करण्याच्या कामावर लागला. आपल्या भाषेत पाटकरी. रात्री पुस्तके वाचून तो इंजिनियर झाला आणि शहराच्या पाणी खात्याचा मुख्य बनला. त्याने ओवेन्स खोऱ्यातून ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग शहरापर्यंत आणला. तोही तानशासारखाच, नुसत्या उतारावर वाहणारा. १९१३ साली त्यातून पाणी आले. १९०० साली एक लाख वस्तीचे शहर १९३० साली बारा लाखांवर गेले.

आणि ओवेन्स खोऱ्याचे काय झाले? तिथे शेती होती, फळबागा होत्या. शहराच्या माणसांनी खरा हेतू उघड न करता जमिनी आणि त्यांच्याबरोबर पाण्याचे हक्क विकत घेतले. काही वर्षांत ओवेन्स सरोवर आटले. १९२४ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी जलमार्गाला सुरुंग लावला आणि त्याचे दरवाजे ताब्यात घेतले. पण गेलेले पाणी परत आले नाही. मार्च १९२८ मध्ये मुल्हॉलंडनेच बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेवर माणसे गेली. आटलेल्या सरोवरातून पुढे खारट धुळीची वादळे उठू लागली. ती बसवायला शहराला या शतकात पुन्हा तिथेच पाणी सोडावे लागले आणि अब्जावधी रुपयांच्या घरात खर्च करावा लागला. खोरे कोरडे पाडून घेतलेल्या पाण्याची किंमत शहराला अशी शंभर वर्षांनी चुकवावी लागली.

आता आपल्या बांधावर

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध सरळ आहे. शहरे वाढतच राहणार आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिलाच राहणार. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम लावला होता. २०११ साली तो बदलून शेतीला दुसरी जागा मिळाली. क्रम एकदा बदलला, तसा तो पुन्हाही बदलू शकतो. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद आपण डोळ्यांनी पाहिलाच आहे. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. तो पुरता अमलात आला नाही ही गोष्ट वेगळी.

अशा वेळी नुसती ओरड करून भागत नाही. ज्याच्या जवळ हिशेब असतो त्याचेच बोलणे ऐकले जाते. म्हणून आमचे सभासदांना एवढेच सांगणे आहे.

पहिले, पाण्याची प्रत्येक पाळी मांडून ठेवा. तारीख, किती तास, कोणती मोटर, एवढे वहीत असले तरी पुरे.

दुसरे, ठिबक केले तर उसाचे पाणी शेकडा ४० ते ५० वाचते. ठिबक लगेच जमत नसेल त्याने निदान मोकाट पाणी बंद करावे, सरी आखूड ठेवावी आणि टंचाईत एक आड एक सरी भिजवावी.

तिसरे, खोडव्याचे पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट मिळते. ते सरीत दाबले तर ओल टिकते आणि जमिनीला खत मिळते. काडी लावली तर दोन्ही गेले.

चौथे, पाणी वापर संस्थेत नाव घाला आणि बैठकीला हजर राहा. आपल्या वाट्याचे पाणी कागदावर किती आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ असावे.

पुढच्या खेपेला मुंबईला जाल तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात जा, आणि जमले तर आसनगावला उतरा. माहुली पाहा, तानशाचे पाणी लांबून पाहा, आणि शहापूरच्या एखाद्या पाड्यावर जाऊन उन्हाळ्यात पाणी कुठून येते ते विचारा. मग गेटवे पाहायला जा.

ठिबक संच, पाचट कुट्टी आणि पाळीच्या नोंदवह्या यांची चौकशी आपापल्या गट कार्यालयात करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी